बाकावरचं पोहणं

"डोळे मिटा. खांदे सैल सोडा. आता पाय सैल सोडा," ट्रेनर सांगत होता आणि आम्ही कंपनीतली माणसं चाकांच्या खुर्च्यांवर बसून मुकाट्यानं सैल होत होतो. माझी खुर्ची मात्र हळूहळू स्टेजकडं निघाली होती. शेजारच्या अकाउंट्सच्या कुलकर्ण्यांनी ती पायानं अडवली तेव्हा मी डोळे उघडले. ट्रेनर हसून म्हणाला, "या हॉलला जरा उतार आहे, सांभाळून." उतार का आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. आम्ही बसलो होतो तिथं पूर्वी पोहण्याचा हौद होता, आणि कंपनीचा सगळा अकाउंट्स विभाग त्या घडीला खोल बाजूला होता.

ताणतणाव कसे हाताळावेत, असा दोन दिवसांचा कोर्स. कंपनी दर वर्षी आमच्यातल्या काहींना अशा कुठल्यातरी कोर्सला धाडते, नाश्ता आणि जेवण त्यांचंच. या वेळचा पत्ता वाचला तेव्हा मला फार काही वाटलं नाही. पुंडलिकनगरवरून मुकुंदवाडी स्टेशनकडं जाताना लागणारं ते कम्युनिटी कॉलेज, एवढंच डोक्यात आलं. गेट बदललंय, काचेची दारं आलीत, आत थंडगार. भिंतीवर ड्रोनचे, डेटाचे, डिजिटल मार्केटिंगचे कोर्स झळकतायत. आमच्या वेळी तिथं शिवणकाम, मोटर रिवाइंडिंग, ब्यूटी पार्लर, संगणक आणि स्पोकन इंग्लिश होतं. कॉलेज म्हणायचं, पण तिथं तीन-तीन वर्षांच्या पदव्या नव्हत्याच. महिन्या-दोन महिन्यांत माणूस काहीतरी शिकून बाहेर पडायचा आणि त्याची जागा दुसरा घ्यायचा. उन्हाळ्यात सकाळी पोरांची शिबिरं, दुपारपासून मोठ्यांचे वर्ग.

त्या उन्हाळ्यांचा वास अजून नाकात आहे. गेटमधून आत शिरलं की आधी कडुलिंबाच्या मोहोराचा कडवट-गोड वास यायचा, मग कूलरच्या ओल्या वाळ्याचा. पुढं गेलं की शिलाई मशिनच्या तेलाचा, मग रिवाइंडिंगच्या खोलीतून तांब्याच्या तारेवर लावायच्या वार्निशचा. पार्लरच्या वर्गातून मुलतानी माती आणि गुलाबपाणी. वासावरून डोळे मिटून मी कुठलाही वर्ग सांगितला असता. आता सगळीकडं एकच वास येतो, फरशी पुसायच्या लिंबाच्या औषधाचा. स्वच्छ असतो म्हणा.

फाटकावर ऑइलपेंटनं लिहिलेला फळा होता. 'महिला व मुलींसाठी पोहणे' ही ओळ त्यात शेवटी, नंतर सुचल्यासारखी तिरकी लिहिलेली होती. आई तेव्हा एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क होती. मला सुट्टीत कुठंतरी गुंतवायचं म्हणून ती चौकशीला गेली आणि दोघींची नावं घालून आली. बाबा चिकलठाण्याच्या कंपनीतून आले, त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला, माठातलं पाणी प्याले आणि म्हणाले, "इथं प्यायच्या पाण्याची मारामार आणि ह्यांना पोहायचंय!" त्यांचं काही चूक नव्हतं. आमच्याकडं नळ यायचे ते देवाच्या मर्जीनं. नळ आले की मोठ्यांनी हातातलं काम टाकून पळायचं, पोरांनी पातेली, कळशा, तपेली, अगदी वरणाची वाटीसुद्धा ओळीनं मांडायची. त्या दिवशी कुणाकडं पाहुणे जात नसत.

पहिल्या दिवशी आम्ही टॉवेल, कोरडे कपडे आणि रबरी टोप्या घेऊन हौदाशी गेलो, तर हौद कोरडा ठणठणीत. तळाशी वाळलेला पाला आणि त्यावर एक मांजर झोपलेलं. काठावर नसीम आपा उभ्या होत्या. उंच, रुंद खांद्यांच्या, डोक्याला घट्ट रुमाल, गळ्यात शिट्टी. त्या खुलताबादकडच्या. लहानपणी मळ्यातल्या विहिरीत पाठीला वाळका भोपळा बांधून पोहायला शिकल्या होत्या आणि पुढं कॉलेजच्या स्पर्धांत पोहल्या होत्या. आम्हा सगळ्याजणींची तोंडं पाहून त्या म्हणाल्या, "पाणी येनारै. रजिस्ट्रार सर बोलले, पुढच्या हप्त्यात. तोपर्यंत काय बसून राहायचं? चला, बाक आणा."

बाक स्पोकन इंग्लिशच्या वर्गातले. ते आम्हीच दोघी-दोघींनी उचलून कडुलिंबाच्या सावलीत आणायचे, आणि कंपन्यांतून सुटलेले सुपरवायझर वर्गाला यायच्या आत परत नेऊन ठेवायचे. बाकावर घरून आणलेली उशी टाकायची आणि तिच्यावर पोट टेकून पालथं पडायचं. हात पुढं, पाय मागं, दोन्ही अधांतरी. दोन बाकांमध्ये पाण्याचं एक घमेलं. आपांची शिट्टी वाजली की तोंड घमेल्यात, बुडबुडे सोडायचे, पुन्हा शिट्टी वाजली की मान वळवून श्वास. तास संपला की घमेल्यातलं पाणी झाडाला. असा आमचा पोहण्याचा वर्ग सुरू झाला. कनात लावली होती, तरी फटीतून पोरं बघायची आणि हसून लोळायची.

पहिल्या दिवशी बाकावर पडण्याआधी आपांनी प्रत्येकीला विचारलं होतं, पोहायला का यायचं मनात आलं? कुणी गुडघ्यांसाठी आली होती, कुणी वजनासाठी. मुकुंदवाडीच्या बनसोडे काकू दवाखान्यात आया होत्या. त्या म्हणाल्या, "दिसभर उभं राहून लई पाय भरून येतेत. डॉक्टर म्हनले पव्हा. आता पव्हा म्हनायला त्यांचं काय जातंय!" आईची पाळी आली तेव्हा तिनं पदर सारखा केला. नव्या पंजाबी ड्रेसला पदर नव्हता, ओढणी होती, पण हात सवयीनं तिथंच गेला. ती म्हणाली, "मला एकदा पाय न टेकता राहायचंय. पोहता नाही आलं तरी चालेल. नुसतं पाण्यावर पडून राहायचंय."

"बस्स?" आपांनी विचारलं.

"बस्स."

आपा मोठ्यानं हसल्या नाहीत. "येच तो सबसे मुश्किल है बाई," एवढं म्हणाल्या आणि पुढच्या बाकाकडं गेल्या. मला मात्र आईची लाज वाटली. एवढ्या बायांमध्ये काहीतरी चारचौघींसारखं कारण सांगायला काय झालं होतं, असं वाटलं.

ते दिवस पुढं-मागं झालेत, पण आवाज जसेच्या तसे आहेत. शिवणाच्या वर्गातली मशिनं एकदम चालू व्हायची आणि एकदम थांबायची. रिवाइंडिंगच्या खोलीत कुणीतरी मोटर लावून बघायचं, ती गुरगुरून बंद पडायची, आणि मास्तरांचा "अरे बाबा, उलटी गुंडाळली!" असा आवाज यायचा. स्पोकन इंग्लिशची मधली एक बॅच दुपारचीच होती. बाक आमच्याकडं असल्यामुळं ती सतरंजीवर बसायची आणि घोकायची, 'आय ॲम गोइंग टू ऑफिस, ही इज गोइंग टू ऑफिस, वुई आर गोइंग टू ऑफिस.' त्या तालावर आमचे पाय पडायला लागले. आपांनी शेवटी शिट्टी वाजवायचं सोडून दिलं. त्यांचं ऑफिसला जाणं संपलं की आम्ही श्वास घ्यायचो. चिकलठाण्याला उतरणारं विमान डोक्यावरून गेलं की दोन्ही वर्ग आपोआप थांबायचे.

घरी आई जेवणानंतर दिवाणावर सराव करायची. ओढणी कमरेला बांधून पालथी पडायची आणि हात-पाय मारायची. दिवाण करकरायचा. बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "डावा पाय कमी पडतोय तुझा." आई म्हणायची, "तुम्ही पेपर वाचा." दोन मिनिटांनी विचारायची, "आता?" बाबा पेपर खाली करून नीट बघायचे आणि म्हणायचे, "आता बरोबर." एवढ्या गंभीरपणे त्यांनी माझी प्रगतिपुस्तकंसुद्धा पाहिली नाहीत.

आपांचा पुढचा हप्ता आला आणि गेला. मग आणखी एक. बोअर आटलं होतं. रजिस्ट्रार सर रोज कनातीबाहेर उभे राहून घसा खाकरायचे आणि म्हणायचे, "टँकरला सांगितलंय." आमची बाकावरची तयारी एव्हाना अशी झाली होती की आपा ओळीतून फिरताना कुणाला हात लावून दुरुस्त करत नव्हत्या. आणि एका दुपारी खरंच टँकर आले. पाइपातून पाणी धो धो पडायला लागलं तेव्हा आम्ही सगळ्या काठाला ओळीनं बसून नुसत्या बघत होतो. रिवाइंडिंगवाले बघत होते, शिवणवाल्या गळ्यात टेप तशीच अडकवून आल्या होत्या, इंग्लिशवाले मराठीत बोलत होते. मांजर काठाकाठानं चिडून फिरत होतं. मग ब्लिचिंगचा तो तीव्र वास आला. आजही कुठं तो वास आला की मला उत्सवासारखं वाटतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाण्यात उतरलो. उथळ बाजूला कमरेएवढं पाणी, खोल बाजूला आपांच्या गळ्याशी. आपांनी शिट्टी वाजवली आणि आम्ही सगळ्या, तयार पोहणाऱ्या, एका दमात पुढं पडलो आणि एका दमात तळाला पाय टेकून उभ्या राहिलो. खोकणं, ओरडणं, नाकातून पाणी. हात बरोबर, पाय बरोबर, श्वास बरोबर, आणि तरंगायला एकही तयार नाही. पोटाखाली बाक नव्हता ना. इतके दिवस ज्याच्यावर भार टाकून शिकलो तो काढून घेतला की काय करायचं, ते शिकायचं राहूनच गेलं होतं. सगळ्याजणींचे हात पाण्याखाली बाक शोधत होते. आपा काठावर कपाळाला हात लावून बसल्या. "या अल्ला," त्या म्हणाल्या, "मीच चुकले. बाकाची आदत लावली मी तुमकू."

दोन-तीन दिवसांत मग एकेकीचा बाक सुटला. मी लहान होते, माझा लवकर सुटला. बनसोडे काकू पाठीवर पडल्या आणि हसत हसत गोल फिरल्या, "आगं बया, मी तर टायर झाले!" आईचाच तेवढा सुटेना. आपा तिच्या पाठीखाली हात धरायच्या तोवर ती सरळ असायची, हात काढला की कमरेत वाकायची, हात खाली चाचपायचे आणि पाय टेकायचे. ती उभी राहून चेहऱ्यावरचं पाणी निपटायची आणि म्हणायची, "पुन्हा." शिबिर संपायला थोडेच दिवस उरले होते. पुढच्या वर्षी हौद भरेल याची खात्री रजिस्ट्रार सरसुद्धा देत नव्हते.

त्यातच पैठणहून येणारी पाइपलाइन फुटली. आमच्या भागाचा पाण्याचा दिवस चुकला, मग पुढचाही चुकला. घरात आंघोळीला बंदी आली, ताटं पुसून घेऊ लागलो, आणि आम्ही दोघी मात्र रोज हौदात डुंबून येत होतो. आई गल्लीतून येताना ओले केस ओढणीखाली झाकायची. एका दुपारी गेटशी बायका हंडे-बादल्या घेऊन आल्या. भांडण नव्हतं, आवाज चढला नव्हता. पिण्याला नको, वापरायला तरी द्या, एवढंच म्हणत होत्या. रजिस्ट्रार सर कनातीबाहेर आले. "बॅच तुमची आहे," ते म्हणाले. "फी तुम्ही भरलीय. तुम्ही सांगाल तसं करू."

सगळ्यांना माहीत होतं की पाणी गेलं की पुन्हा टँकर येणार नाही. आई कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. तिनं पायऱ्या चढून बाहेर येऊन टोपी काढली.

"देऊन टाका सर," ती म्हणाली. "बाहेर बायका हंडे घेऊन उभ्या असताना आम्ही इथं हातपाय मारायचे? बरं दिसतं का ते?"

मला तिचा अस्सा राग आला. ज्यांचा बाक सुटला होता त्या गप्प बसल्या होत्या आणि जिचा सुटला नव्हता तीच पाणी वाटायला निघाली होती. आम्ही पायऱ्यांपासून गेटपर्यंत ओळ केली आणि बादल्या हातोहात पुढं दिल्या. आई ओळीत पहिली, पाण्यात. ती भरायची आणि द्यायची. आपल्याही घरी दोन बादल्या न्यायला ती विसरली नाही. दुसऱ्या दिवशीही तेच चाललं. उथळ बाजूची फरशी उघडी पडली, तिच्यावर ब्लिचिंगचे पांढरे डाग दिसायला लागले.

कोर्सच्या चहाच्या सुट्टीत मी आईला फोन केला. म्हटलं, "तुझ्या हौदाचा हॉल केलाय. मी आत्ता त्याच्यातच बसलेय."

"हो का? एसी आहे का?" आईनं विचारलं.

"आहे."

"मग बरंय. बाहेर ऊन मरणाचं आहे." मग तिनं येताना कोथिंबीर आणायला सांगितलं आणि फोन ठेवला. आईला हळहळायची सवय नाही, आणि ती मलाही लागलेली नाही. आपा पुढं लेकाकडं हैदराबादला गेल्या असं कुणीतरी सांगितलं होतं. बनसोडे काकू भाजीबाजारात दिसायच्या, मग दिसेनाशा झाल्या. बाबांचा पेपर बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली, ते असते तर त्यांनी हॉलचा उतार बघून काहीतरी बोलून दाखवलं असतं. आत ट्रेनर पुन्हा सगळ्यांना डोळे मिटायला सांगत होता. मी जागेवर जाऊन बसले, खुर्चीचं चाक टेबलाच्या पायाशी अडकवलं आणि डोळे मिटले.

शिबिराचा शेवटचा दिवस. दाखले वाटायचे होते, सरबताचं पातेलं तयार होतं. खोल बाजूला कोपऱ्यात आईच्या मांडीएवढं पाणी उरलं होतं. त्यात पाला पडला होता. आम्ही घरच्याच कपड्यांत आलो होतो. आपांनी पाण्याकडं पाहिलं, मग आईकडं पाहिलं.

"चलो बाई. उतरा."

"एवढ्याशा पाण्यात?"

"पडून राहायला इत्ता पाणी बस्स होतं. चलो."

"साडी आहे हो माझी."

"साडी वाळते," बनसोडे काकू म्हणाल्या. "जावा."

आईनं पदर खोचला आणि साडीसकट पाण्यात उतरली. साडी फुगली, तिनं ती दाबून खाली बसवली. आपा तिच्या शेजारी उतरून गुडघ्यांवर बसल्या. आई त्यांच्या हातावर आडवी झाली, आपांनी हात काढला आणि आई नेहमीसारखी वाकली. पुन्हा. पुन्हा. आम्ही काठावर बसलो होतो आणि आता कुणी हसत नव्हतं. मला रडायला येत होतं. माझा राग कुठं गेला ते कळलं नाही.

"बाई," आपा दमून म्हणाल्या, "कायकू ढूंढते? तो बाक इंग्लिशवाल्यांकडं गेला वापस. ऑफिसला गेला तो!"

आईला हसू फुटलं. ती आडव्याची आडवीच हसायला लागली, पोट गदगदून, आणि हसता हसता तिचे हात बाजूला पडले. आपांनी हात कधी काढून घेतला ते आम्हालाही दिसलं नाही. हसू हळूहळू थांबलं आणि आई तशीच राहिली. साडी तिच्याभोवती पसरली होती, टाचा वर आल्या होत्या, कान पाण्याखाली होते. डोळे उघडे होते आणि ती वर बघत होती. वर काहीच नव्हतं, नुसतं उन्हाळ्याचं पांढरट आभाळ.

तेवढ्यात कनातीबाहेर स्कूटर थांबली आणि बाबांची हाक आली. "अगं ए! नळ आलेत! चल लवकर!"

काठावर एकच गोंधळ उडाला. आमच्या पुंडलिकनगरच्या सगळ्या बायका उठल्या, चपला शोधायला लागल्या, एकीनं दुसरीची चप्पल घातली आणि तशीच पळाली. दाखले टेबलावर राहिले, सरबत पातेल्यात राहिलं. बनसोडे काकू तेवढ्या बसून होत्या. मुकुंदवाडीचं पाणी उद्या होतं. आई पाण्यावर तशीच. तिला काही ऐकू आलं नव्हतं. कुणाच्या हाकेला तिनं ओ दिली नाही असं मी पहिल्यांदाच बघत होते.

"ऐकलं का गं? नळ!" बाबा पुन्हा ओरडले.

आपांनी माझ्याकडं पाहिलं. मी कनातीपाशी गेले आणि फटीतून म्हणाले, "बाबा, आई तरंगतीय."

पलीकडं बाबांनी स्कूटर बंद केली.

"खरंच?"

"हो."

"पाय टेकलेले नाहीत ना? नीट बघ."

मी मागं वळून नीट पाहिलं. "नाहीत."

"मग राहू दे," बाबा म्हणाले. "मी भरतो." स्कूटर सुरू झाली आणि आवाज कोपऱ्यावरून वळून गेला.

मी काठावर येऊन बसले. बऱ्याच वेळानं आई उभी राहिली. तिनं मान वाकडी करून एका कानातलं पाणी काढलं, मग दुसऱ्या. काठ रिकामा झालेला पाहून तिनं इकडं तिकडं बघितलं.

"कुणी हाक मारली का गं मला?"

"नाही," मी म्हणाले.

ती पुन्हा आडवी झाली.